बडोद्यातील समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलींचे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. एम.ए. झाल्यावर हिला समुपदेशक म्हणून काम करता येईल ना? मुलगी वकील किंवा शिक्षिका होणार असेल तर अशा प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. कोणती पदवी, कोणती परिषद, कोणती नोंदणी हे सारे ठरलेले असते. समुपदेशनाच्या बाबतीत मात्र 'येईल, पण' असे म्हणावे लागते आणि त्या 'पण'पुढचे वाक्य लांबत जाते. हा 'पण' कोठून आला, याचा बडोदे शहराच्या संदर्भात शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

बडोदेच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की समुपदेशनाला ज्या ज्या विद्यांनी जन्म दिला त्या सर्व येथे एकाच विद्यापीठात, जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना एप्रिल १९४९ मधली. शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान आणि वैद्यक या चारही विद्याशाखा १९४९-५० च्या सुमारास उभ्या राहिल्या. एवढे अनुकूल असूनही समुपदेशक नावाचा स्वतंत्र, कायद्याने ओळखला जाणारा व्यावसायिक यांतून घडला नाही. चारही घरांनी आपापल्या परीने त्याला वाढवले, पण आपले नाव कोणी दिले नाही, असे थोडक्यात म्हणता येईल.

शब्दाविषयी थोडेसे

मराठीत 'समुपदेशन' हा शब्द रूढ झाला आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, आणि या विद्येच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवले जाते ते हेच की उपदेश करू नका! गुजरातीत आणि हिंदीत 'परामर्श' म्हणतात, उर्दूत 'मशवरा'. तिन्ही शब्दांत एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, असा भाव आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ व १९५१ च्या आपल्या ग्रंथांतून नेमके उलट मांडले. बोलणारा तो आलेला माणूस, आणि ऐकणारा तो समुपदेशक.

बडोद्याला शब्दांची आच जुनी आहे. संस्थानाने १९३१ मध्ये 'श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू' हा प्रशासकीय शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध केला. त्यात इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द दिले होते. रयतेला कारभार तिच्या भाषेत समजला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. स्वातंत्र्यानंतर त्याच शहरात निघालेल्या विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजी स्वीकारली. त्या काळी या निर्णयाला कारणे होती, देशभरातून विद्यार्थी यावेत ही त्यांतली एक. तथापि ज्या विद्येचे सारे कामच बोलण्या-ऐकण्याचे आहे तिच्यावर या निर्णयाचा भार इतर विषयांपेक्षा अधिक पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी इंग्रजीत शिकून प्रयोगशाळेत निभावून नेतो. दांडियाबाजारातल्या मराठी आजीशी, मांडवीतल्या गुजराती सुनेशी किंवा तांदलजातल्या हिंदुस्थानी बोलणाऱ्या आईशी बोलणाऱ्याला तसे निभावता येत नाही. 'माझा जीव घाबरतो', 'छातीवर दगड ठेवल्यासारखे होते', 'दिल बैठा जाता है' या तक्रारी पाठ्यपुस्तकातल्या 'डिप्रेशन' आणि 'अँग्झायटी'च्या खणांत सरळ बसत नाहीत.

शिक्षणशास्त्राचे घर

संस्थानाने १९३५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले होते. विद्यापीठ झाल्यावर त्याचे रूपांतर शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखेत झाले. मानसशास्त्र येथे शिक्षणशास्त्राचे बोट धरून आले, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कलकत्त्यात १९१६ मध्ये ते प्रयोगशाळेतले शास्त्र म्हणून आले होते, आणि १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी तेथेच मनोविश्लेषणाची संस्था काढली. बडोद्यात मात्र मानसशास्त्राची पहिली ओळख शाळेतल्या मुलाच्या निमित्ताने झाली.

त्या काळच्या शिक्षणविचारात 'मार्गदर्शन' या शब्दाला वजन होते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या. कोणत्या मुलाने कोणती शाखा घ्यावी हे सांगणारा माणूस हवा म्हणून शाळांत मार्गदर्शक नेमण्याची शिफारसही केली. १९५४ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय स्थापन केले, आणि कोठारी आयोगानेही (१९६४-६६) हा धागा सोडला नाही. बडोद्याच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेत साठच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाचे प्रगत अध्ययन केंद्र आले. तेथून प्रा. एम. बी. बूच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये भारतातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. देशभरचे प्रबंध एकत्र नोंदवणारे हे काम आजही संशोधकांच्या उपयोगी पडते.

परंतु या घरातला समुपदेशक मुख्यतः चाचणी घेणारा होता. बुद्धिमापन, अभिरुचिमापन, गुणांची सारणी. मूल रडत आले तर काय करायचे, हा प्रश्न चाचणीपुस्तिकेत नसतो.

समाजकार्याचे घर

मला वाटते, बडोद्याचे खरे योगदान येथे आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही.

भारतात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क हे त्या संस्थेचे मूळ नाव, पुढे ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले आणि १९४८ मध्ये वैद्यकीय व मनोरुग्णविषयक समाजकार्याचा विशेष अभ्यासक्रम सुरू केला. दिल्ली व काशी येथेही चाळिशीच्या उत्तरार्धात अशा शाळा निघाल्या. बडोद्याचे वेगळेपण असे की येथे समाजकार्याला आरंभापासून विद्यापीठाची स्वतंत्र विद्याशाखा म्हणून स्थान मिळाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता (१९४९-५८) यांचे या काळातले नेतृत्व लक्षात घ्यावे लागते. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या हंसाबेन.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत जी पद्धत देशभर रुजली ती अशी. विद्यार्थ्याने आठवड्यातील ठरावीक दिवस रुग्णालयात, शाळेत, वस्तीत किंवा बालगृहात प्रत्यक्ष काम करायचे. माणसाशी झालेले बोलणे, तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, मध्ये कोठे शांतता पसरली, हे सारे घरी येऊन लिहून काढायचे. ते लिखाण पर्यवेक्षक शिक्षकाने वाचायचे आणि विद्यार्थ्याला समोर बसवून विचारायचे : 'येथे तुम्ही घाईने सल्ला का दिला?' समुपदेशकाच्या घडणीत या प्रश्नाइतके मोलाचे दुसरे काही नसेल. पुस्तकातून सहानुभूतीची व्याख्या पाठ करता येते. स्वतःची घाई मात्र दुसऱ्याने दाखवल्याशिवाय दिसत नाही. अशा वह्या गोपनीय असतात, तशाच असाव्यात, त्यामुळे इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही.

आजच्या अमेरिकेतील समुपदेशन-अभ्यासक्रमांशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथील मान्यता देणारी संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला १०० तासांचा प्रारंभिक सराव व त्यानंतर ६०० तासांची उमेदवारी पर्यवेक्षणाखाली पूर्ण करावी लागते. तेथेही परवान्याची सुरुवात व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये केली आणि कॅलिफोर्नियाने ती २००९ मध्ये केली, म्हणजे सर्व राज्ये या वाटेवर यायला तेहतीस वर्षे लागली. पर्यवेक्षणाखालील सरावाचे तत्त्व आपल्या समाजकार्य-शिक्षणाला कितीतरी आधी ठाऊक होते. फक्त त्याला येथे 'समुपदेशन' म्हटले गेले नाही, 'व्यक्ती-सहयोग कार्य' म्हटले गेले. एकाच शहरात, एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली, मानसशास्त्राचा एम.ए. मनाच्या सिद्धान्तांत तरबेज आणि समाजकार्याचा एम.एस.डब्ल्यू. माणसासमोर बसण्यात तरबेज, अशी ही वाटणी होती.

गृहविज्ञान आणि रुग्णालय

गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक व शिवण, हा समज बडोद्यापुरता तरी चुकीचा आहे. तेथील मानवविकास व कुटुंब-अध्ययन विभागाने 'चेतन बालवाडी' ही आपली प्रयोगशाळा मानली आणि मूल कसे वाढते याचे निरीक्षण शिकवले. प्रा. टी. एस. सरस्वती यांनी रंजना दत्ता यांच्यासह १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला गरीब घरांतील मुलींच्या वाढीवरील अभ्यास या परंपरेतला. मुलीला तिच्या मर्यादा न सांगताही कशा शिकवल्या जातात, हे त्यातून समजते. किशोरवयीन मुलींशी बोलणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाने तो वाचावा.

वैद्यकीय महाविद्यालय व सयाजी रुग्णालय येथील मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय या चौथ्या घराविषयी येथे फार लिहीत नाही. गुजरातेत अशी सरकारी रुग्णालये चार : अहमदाबाद, बडोदे, जामनगर आणि भूज. या घरात निर्णय डॉक्टरांचा, इतर सर्व साहाय्यक.

सुमारे ११० किलोमीटरवरील अहमदाबादेत मात्र एक निराळा प्रयोग झाला. कमलिनी व गौतम साराभाई यांनी १९५१ मध्ये बी. एम. इन्स्टिट्यूट स्थापन केली. तेथे मूल, आईवडील आणि शिक्षक यांच्याकडे एकत्र पाहण्याची दृष्टी होती. एरिक एरिक्सन १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत आले आणि तेथेच त्यांना गांधीजींवरील ग्रंथाची प्रेरणा मिळाली, हे प्रसिद्धच आहे. बडोद्यापाशी चार घरे होती, तर अहमदाबादेत ती चार कामे एका घरात आणण्याचा प्रयत्न झाला.

२००२

शिक्षणाची कसोटी वर्गात लागत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झाला, आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्च २००२ मध्ये, गुजरातेत हिंसाचार उसळला. बडोद्यात १ मार्चच्या रात्री बेस्ट बेकरीत १४ जणांना जीव गमवावा लागला. शहराच्या अनेक वस्त्यांतील मुस्लिम कुटुंबे तांदलजासारख्या भागात निर्वासित झाली. पी.यू.सी.एल. व शांति अभियान यांनी त्याच वर्षी मे अखेरीस बडोद्यातील स्त्रियांच्या अनुभवांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. स्त्रियांनी जे भोगले ते त्यांच्याच तोंडून ऐकून त्यात नोंदवले आहे. समुपदेशन म्हणून तो लिहिलेला नाही, तरी ऐकण्याचे काम कसे करावे याचा तो एक दाखला आहे.

बंगळूरच्या निमहान्सने १९९९ चे ओरिसातील चक्रीवादळ, २००१ चा भूकंप आणि २००२ चा हिंसाचार या तिन्ही प्रसंगी एकच मार्ग अवलंबला. आपद्ग्रस्त समाजातल्याच तरुण-तरुणींना, पदवीची अट न घालता, मनोसामाजिक आधाराचे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण द्यायचे आणि नंतर त्यांच्या पाठीशी अनुभवी माणसे ठेवायची. झोप न येणे, मुलाने बोलणे थांबवणे, घरी परत जाण्याची भीती, या गोष्टी वेड नव्हेत, असह्य प्रसंगाला मनाने दिलेला तो प्रतिसाद आहे, हे सांगणारा माणूस त्याच वस्तीतला आणि त्याच बोलीचा असावा, असा त्यामागचा विचार.

यावरून पदव्युत्तर शिक्षण निरुपयोगी होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्या स्वयंसेवकांना शिकवणारे, पुस्तिका लिहिणारे, अवघड प्रसंगी धावून जाणारे पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेच होते. पण एक गोष्ट उघड झाली. छावणीतल्या बाईसमोर बसण्यासाठी जे लागते, म्हणजे तिची भाषा, तिचा विश्वास आणि चूक दाखवणारा पर्यवेक्षक, ते दोन वर्षांच्या पदवीत आपोआप मिळत नव्हते. आणखी एक प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. त्या वस्त्यांमधल्या किती मुली या चार घरांच्या वर्गांत बसत होत्या?

दवा आणि दुआ

मनाच्या दुखण्यासाठी माणसे प्रथम दवाखान्यात जात नाहीत, हे आपल्याला घरचे अनुभव सांगतात. हिंदू-मुसलमान दोघेही दर्ग्यावर जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर देशभर दर्ग्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. गुजरातेने मात्र वेगळी वाट घेतली. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास अहमदाबादच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या व 'अल्ट्रुइस्ट' या संस्थेच्या सहकार्याने 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मनोविकारांची लक्षणे ओळखायला शिकवण्यात आले. दुआ झाल्यावर तेच श्रद्धाळूंना आवारातल्या डॉक्टरकडे पाठवू लागले. जो माणूस आधीच ऐकत बसला आहे त्याला शिकवायचे, हा साधा विचार यात आहे. मुजावर समुपदेशक झाले असे कोणी म्हणणार नाही. पण समुपदेशनाच्या एखाद्या विद्यार्थ्याने उमेदवारीचा एक महिना अशा ठिकाणी काढला तर त्याला जे कळेल ते ग्रंथालयात कळणार नाही.

कायद्याची बाजू

आता आरंभीच्या 'पण'कडे येऊ. कुटुंब न्यायालय कायद्याने (१९८४) न्यायालयांना समुपदेशक नेमण्याची तरतूद दिली, परंतु समुपदेशक कोणाला म्हणावे हे सर्वसाधारणपणे ठरले नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी आली आणि त्यासाठी दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा राजमार्ग ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे. तीत मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोरुग्णविषयक समाजकार्यकर्ता येतात. आयुर्वेद, होमिओपॅथी व सिद्ध यांबरोबर युनानीतील 'मुआलिजात (नफ्सियात)' या विषयाची पदव्युत्तर पदवीही त्या व्याख्येत आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना नवे वाटेल. केवळ मानसशास्त्राचे एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. झालेली व्यक्ती मात्र तीत नाही.

दरम्यान नोकऱ्या निघत राहिल्या. एच.आय.व्ही. चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची केंद्रे, ८ मार्च २०१५ पासून गुजरातभर सुरू झालेली '१८१ अभयम' ही महिला साहाय्यवाहिनी. तिच्या गाडीत महिला पोलिसाबरोबर एक समुपदेशक असते. रात्री-अपरात्री मारहाणीच्या घरात शिरणारी ही मुलगी कायद्याच्या लेखी मानसिक आरोग्य व्यावसायिक असेलच असे नाही.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने प्रथमच मानसशास्त्रज्ञ, वर्तन-आरोग्य समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोरुग्णविषयक समाजकार्यकर्ते यांना एका अनुसूचीत आणले. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांच्या शिक्षणाची अट त्यात आहे. अंमलबजावणी राज्यागणिक कमी-अधिक वेगाने चालली आहे. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केले. चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोरुग्णविषयक समाजकार्य यांपुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने दिलेली मुदतवाढ २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतचीच होती. म्हणजे एक दार बंद होत असताना दुसरे अजून पुरते उघडलेले नाही, अशा उंबरठ्यावर सध्याची पिढी उभी आहे.

आणि मागणी तर वाढतेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या प्रकरणात निर्देश दिले. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, आणि त्याला बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असले पाहिजे. आपल्या संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांपैकी फार थोड्या या आकड्याच्या खाली असतील. तेव्हा या मुलींना विचारणारे पालक आणि त्यांना नेमू पाहणारे व्यवस्थापन, दोघांचाही प्रश्न आता एकच झाला आहे.

प्रस्तुत लेखक पालकांना सध्या एवढेच सांगतो. एम.ए. करू द्या, परंतु प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. दोन वर्षांत प्रत्यक्ष माणसांसमोर किती तास बसवणार? ते लिहिलेले कोण वाचणार? आणि ते बोलणे कोणत्या भाषेत होणार? यानंतर नोंदणी कोणत्या परिषदेकडे, हा चौथा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावा लागेल. मुलीला घरी उर्दू, शेजारी गुजराती आणि बाजारात मराठी येत असेल तर ती तिची उणीव नसून कमाई आहे, हे मुलाखतीच्या वेळी तिने स्वतःहून सांगावे.